ज्या जर्नलात माझा पेपर नाही

लातूरच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी नांदेडला एका प्राध्यापिकेच्या बढतीच्या बैठकीला विषयतज्ज्ञ म्हणून गेलो होतो. जर्नलांची सरकारी यादी रद्द झाल्यापासून कुठलं जर्नल दर्जेदार, हे समितीनंच ठरवायचं असतं. समितीत आम्ही तिघं: अध्यक्ष म्हणून रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, त्या कॉलेजचे प्राचार्य आणि मी.

बाईंची सगळी भिस्त एका पेपरवर होती. हदगावच्या बाजारात काट्यासमोर सोयाबीनच्या गाड्या किती वेळ ताटकळतात, याचं गणित. छापलं होतं उपयोजित संभाव्यतेच्या एका परदेशी जर्नलनं, तेही दोन वर्षं तपासून. हा पेपर धरला नाही तर बढती गेली.

“फी किती घेतात?” अध्यक्षांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“फुकट छापतात? मग कसलं जर्नल हाय हे?”

मला हसू आलं आणि रागही आला. म्हणालो, “सर, या विषयात याच्या तोडीची जर्नल्स बोटावर मोजण्याइतकी आहेत.”

त्यांनी माझ्या माहितीचा कागद चाळला. “तुमचे एवढे पेपर हायत, ह्याच्यात एकबी न्हाई. लई चांगलं असतं तर तुम्ही सोडलं असतं का?”

मुद्दा बिनतोड होता. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. ‘दर्जाबद्दल खात्री नाही’ एवढं लिहून मी दुपारच्या बसनं लातूर गाठू शकत होतो. खोटं कशाला बोलू, तसं मनात आलंही.

मग मोबाईल काढला आणि त्या जर्नलच्या संपादकांच्या तीन ई-मेल शोधल्या. तीन वेळा पेपर पाठवला होता, तिन्ही वेळा परत आला होता. हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. तिन्ही मेल वाचून दाखवल्या. शेवटच्या मेलमध्ये माझी चूक कुठल्या पानावर आहे तेही लिहिलं होतं, तेही वाचलं. फार लाज वाटली.

“म्हंजे तुमचाबी परत केला,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी बाईंची फाईल ओढून ‘मान्य’ लिहिलं, सही केली. प्राचार्यांनी केली, मीही केली.

पेनाला टोपण लावता लावता अध्यक्षांनी सहज, निव्वळ कुतूहलानं विचारलं, “मग सर, तुमचे बाकीचे पेपर ज्या जर्नलांत आले, त्यांनी कधी एखादा परत केला व्हता का?”

“एकदाही नाही,” मी म्हणालो.