मोगऱ्याची खोली

बेळगुंदीच्या शालूबाईला फुलांची फार आवड, असं कुणी म्हटलं की ती फणकारायची. "आवडायला ती काय पावणी हैत? सांभाळाय लागतात." आणि मोगरा सांभाळण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. उद्या उमलणारी कळी कुठली, ते तिला आज उन्हं कलताना कळायचं. तेवढ्याच कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात गुंडाळून पाटीत ठेवायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि घरातल्या अंधाऱ्या, सारवलेल्या खोलीत पाटी ठेवायची. पाणी गोणपाटाला, कळीवर एक थेंब पडलेला तिला खपायचा नाही. सकाळच्या गाडीनं पाटी बेळगावच्या बाजारात पोचली तरी कळ्या मिटलेल्याच असायच्या.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात मुलाचं, शामूचं लग्न झालं आणि खानापूरकडची जया सून म्हणून घरात आली. पोर अबोल, पण हाताची चलाख. आठ दिवसांत कळ्या निवडायला शिकली. शालूबाईला ती मनापासून आवडली होती, पण कौतुक तोंडावर करायची तिला सवय नव्हती. तेवढ्यात जयाच्या माहेराहून आंब्यांची दोन डालगी आली. सुनेच्या माहेरचा मान म्हणून शालूबाईनं स्वतः गवत अंथरून आढी घातली, तीही घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी, फुलांच्या खोलीत.

आंबे पिकायला लागले आणि मोगऱ्याचं काय बिनसलं कोण जाणे. कळ्या रातोरात उमलायच्या, सकाळी कडेनं तांबूस पडायच्या. पाटी बाजारातून तशीच परत यायला लागली.

"सुनंचा हात गरम असंल बघ," शेजारची नागुबाई गजरे ओवता ओवता म्हणाली. "काही बायकांच्या हातात फूल टिकत न्हाय."

फुलांच्या बाबतीत शालूबाईनं जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते नेमकं हे.

"जया, फुलास्नी हात लावू नगंस गं."

"व्हय, आत्ती," जया म्हणाली आणि निमूटपणे चुलीकडे गेली.

पुढं आंबे संपले, कळ्या पुन्हा पहिल्यासारख्या टिकायला लागल्या, आणि सगळ्यांची खात्रीच पटली.

त्यानंतर वर्षभर जयानं फुलांना हात लावला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात मिळालेलं फूलसुद्धा तिनं केसात न माळता देवापुढं ठेवलं. शालूबाईनं ते पाहिलं. 

दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा डालगी आली, पुन्हा त्याच खोलीत आढी लागली. आठव्या दिवशी गोणपाट उचललं तर कळ्या उमलून तांबूस झालेल्या. "जया!" अशी हाक तिच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. जयानं तर वर्षात एक कळी शिवली नव्हती. शालूबाई उंबऱ्यावर बसली. एकदा पाटीकडं बघितलं, एकदा आढीकडं.

त्या संध्याकाळी तिनं दोन पाट्या भरल्या. एक आढीशेजारी ठेवली, दुसरी स्वयंपाकघरात पाण्याच्या रांजणाजवळ. सकाळी आढीजवळच्या कळ्या उमलून तांबूस पडलेल्या होत्या. रांजणाजवळच्या कळ्या मुठीसारख्या मिटलेल्या.

नागुबाई ओवायला आली तेव्हा शालूबाईनं दोन्ही पाट्या तिच्यापुढं ठेवल्या आणि जयाला बोलावलं.

"बघ नागू. आंब्याच्या आढीनं फुलं जातात. आढी मी घातलेली, ह्या माझ्या हातानं. माझ्या सुनंचा हात चांगला हाय." मग जयाकडं वळून, "लई चुकले गं पोरी मी. वरीसभर तुला फुलापासनं तोडलं."

जया पाट्यांकडं बघत राहिली. डोळे भरले होते, पण विचारलं तिनं एवढंच, "आत्ती, मग मी माळू व्हय?"

शालूबाईनं स्वतः गजरा ओवला, स्वतः सुनेच्या केसात माळला. दिवसभर काम करताना जयाचा हात सारखा मागं अंबाड्याकडं जात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शालूबाई पाणी घ्यायला रांजणाकडं गेली. रांजणाच्या बुडाशी ओल्या गोणपाटाचा छोटा तुकडा दिसला. त्याखाली केळीचं पान, आणि पानात नीट गुंडाळलेला कालचा गजरा. शेजारी पाटीभर ताजा मोगरा होता, आणि पोरीनं हा शिळा जपला होता.

शालूबाईनं पान होतं तसं मिटलं. गोणपाट कडेनं सुकत आलं होतं. त्याला पाणी लावलं, गजऱ्यावर थेंब पडू न देता.