तळ्याला ‘येतो’ म्हणालो, तेव्हा

भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. अमावास्येला नवी गाडी घरी आणणारा माणूस आहे मी, आणि तेही मुद्दाम, सासूबाईंना चिडवायला. तेव्हा मी असलं काही लिहीन असं माझ्या ओळखीतलं कुणी मानणार नाही... तरी लिहितोय.

२०१४ साल. आम्ही सिंगापूरला, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायचो, ऑफिस बुओना व्हिस्टाला. बीपी वाढलं, डॉक्टर म्हणाले छंद लावून घ्या. आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर अंकल सेंग राहायचे — सत्तरीचे, निवृत्त बसड्रायव्हर, तोंडाने महाफटकळ. लिफ्टमध्ये त्यांच्या हातात मासेमारीचा रॉड दिसला म्हणून सहज विचारलं, तर पुढच्या शनिवारी सकाळी सातला त्यांनी मला जुरोंग ईस्टच्या पलीकडच्या एका तळ्यावर उभं केलं. आपला जुना रॉड माझ्या हातात देऊन.

तिथे पीकॉक बास नावाचा मासा मिळतो. हिरवट-सोनेरी, शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका, आणि स्वभावाने मारका. बोट नाही, पाण्यात उतरायला बंदी, जिवंत आमिषही चालत नाही. प्लास्टिकचा खोटा मासा दोरीला बांधून किनाऱ्यावरूनच फेकायचा. मी आपला जोर लावून तळ्याच्या मध्यात फेकायचो. अंकल वैतागायचे. म्हणायचे, मासा तुझ्या पायाशी आहे, तू तिकडे कुणाला शोधतोस? काठाच्या कडेकडेने फेक, दोन पावलं मागे उभा राहा, सावली पाण्यात पडू देऊ नकोस. सहा शनिवार मी नुसत्या शिव्या खाल्ल्या. पण खरं सांगतो, वडील गेल्यानंतर मला इतकं हक्काने कुणी रागावलं नव्हतं. मला तो म्हातारा फार आवडायला लागला होता.

सातव्या शनिवारी, पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाजवळ मासा लागला. रॉड वाकला आणि दोरी तुटली. अंकल काहीतरी पुटपुटत सामान आवरून पुढे निघाले. मी त्या माशाला चिडवत पाण्याकडे बघून म्हणालो, “बरं, येतो.”

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणायचं, हे हाडीमाशी खिळलेलं. त्यात परत यायचं वचन वगैरे काही नसतं. आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

झाडामागून आवाज आला, “कधी?”

स्वच्छ मराठी. पुरुषाचा आवाज, चिडलेला, वाट बघून बघून कंटाळल्यासारखा. मला वाटलं, कुणीतरी आपल्यातलाच टवाळ बसलाय. मीही बोलून गेलो, “शनिवारी.” मग बघू तरी कोण आहे म्हणून झाडाला वळसा घालून गेलो. मागे उभं राहायला जागाच नव्हती. नुसतं तपकिरी पाणी होतं आणि ते झाडापाशी हलत होतं. सकाळचे साडेआठ, लख्ख ऊन, मागच्या वाटेवर लोक जॉगिंग करतायत... आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वाटलं, तिथे मी नकोसा नव्हतो, कुणाला तरी हवा होतो. पण प्रेमाने नव्हे.

पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. ऑफिसचा कॉल आहे म्हणून अंकलना थाप मारली. ते एकटेच गेले. दहा वाजता आमच्या दाराशी येऊन उभे, बूट ओले, चेहरा लाल. म्हणाले, तुझा तो मित्र भारी उद्धट आहे. झाडामागे बसतो, तोंड दाखवत नाही, तुझ्याच भाषेत एकच गोष्ट विचारत राहतो, प्रत्येक वेळी आणखी मोठ्याने. सगळे मासे पळवले.

काय विचारत होता, म्हणालो.

अंकलना मराठीचं अक्षर येत नव्हतं. ते आठवून आठवून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, “तो... ये-त... ना-ही. तू... ये-तो-स... का?”

स्वयंपाकघरातून अनघा, माझी बायको, झारा हातात घेऊन बाहेर आली.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“आय से कॅन, कॅन,” अंकल म्हणाले. “देन ही स्टॉप.”

तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. काही कळलं नाही, वाद नको असला, की सिंगापूरचा माणूस ‘कॅन’ म्हणून मोकळा होतो. म्हणजे हो. चालेल. अंकलनी अर्थ विचारला. मी म्हणालो, मासे लागतायत का, असं विचारत होता. ते गेल्यावर अनघा म्हणाली, “खरं काय ते सांगून ये त्यांना. तिकडे जाऊ नका म्हण.” मी तिच्यावरच खेकसलो, तू पण काय तुझ्या आईसारखी.

मंगळवारी सकाळी अंकल त्या झाडापाशी पालथे सापडले. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. असेलही.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. त्यांच्या बायकोने, आंटींनी, मला बाजूला बोलावलं. त्या दिवशी ते रॉड घरीच ठेवून निघाले होते. आंटींनी विचारलं तर म्हणाले, मासे पकडायला नाही चाललो, त्याचा, म्हणजे माझा, मित्र थांबलाय. आदले दोन दिवस घरात काहीतरी परके शब्द घोकत होते. आंटींनी ते शब्द मला म्हणून दाखवले, तेच, ‘तो येत नाही, तू येतोस का?’, आणि अर्थ विचारला.

या वेळी मी खरा अर्थ सांगितला.

त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “यू नो. देन व्हाय यू नेव्हर टेल हिम?”

तो आवाज कुणाचा, मराठी कशी बोलला, एका म्हाताऱ्या बसड्रायव्हरच्या ‘कॅन’ला त्याने वचन का मानलं... यातल्या कशाचंही स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. आंटींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र होतं. तेव्हा तोंडातून निघालं नाही, म्हणून इथे लिहितो.

अंकल मला हसतील, म्हणून.