टॉवरविरुद्धच्या तीन अफवा

"टॉवर ढग पळवतो, चिमण्या मारतो आन् कंपनी जमीन गिळते," शेवंताबाईंनी तीन बोटं माझ्यापुढं धरली. "सही न्हाई."

साखऱ्याजवळच्या तांड्यावरची गोष्ट. मी साइट अक्विझिशन करतो, म्हणजे मोबाइल टॉवरसाठी जागा हेरून मालकाशी अ‍ॅग्रीमेंट करून देतो. तांड्यावर रेंज यायची तर शेवंताबाईंचा बरड तुकडाच हवा होता. शुक्रवारपर्यंत सही नाही, तर साइट कॅन्सल, असं हेड ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं होतं. वर, मला लोकांना पटवता येत नाही, असंही ऐकवलं. तांडा कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मी तापलेलोच होतो. सगळ्या भाकडकथा आहेत, म्हणालो.

"एकेक सांगा, भाऊ. काहून भाकड?"

ढगांचं सोपं होतं. वारंगा फाट्याकडं टॉवर आहेत, तरी मागच्या पावसाळ्यात बाईंच्या भावाचं तिथलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. तांड्यावर टॉवर नाही, तरी पावसानं ओढ दिली आणि दुबार पेरणी करावी लागली. हे त्यांनीच सांगितलं आणि त्याच हसल्या.

चिमण्यांचं तसं नव्हतं. टॉवरच्या गावांत चिमण्या कमी दिसतात खऱ्या. पण त्याच गावांत स्लॅबची घरं आली, वळचणी गेल्या. नेमकं कशानं कमी झाल्या, मला सांगता येईना.

"मंग ठावं न्हाई म्हणा की."

म्हणालो.

तिसऱ्या अफवेवर मात्र मी अ‍ॅग्रीमेंटच खाटेवर आपटलं. भाडेपट्टा आहे, खरेदीखत नाही, म्हणून ओरडलो. बाईंची सून बी.ए. झालेली. तिनं इंग्रजी कलमं सावकाश वाचली. कंपनी मालकाला न विचारता जागा दुसऱ्या कंपनीला देऊ शकते. मालकाला मात्र मुदतीआधी करार मोडता येत नाही. इतकी वर्षं मी भाडं, मुदत आणि सहीची जागा एवढंच बघत आलो होतो.

"गिळत न्हाई," सून म्हणाली, "पर तोंडात धरून ठेवतीय."

तिथूनच साहेबांना फोन लावला. कलम बदला म्हटलं.

"स्टँडर्ड फॉरमॅट आहे. तुम्ही पण अफवांवर विश्वास ठेवायला लागलात?"

"एकीला तुमचाच कागद पुरावा आहे, साहेब."

शुक्रवार सहीविना गेला, पण साइट काही कॅन्सल झाली नाही. महिन्याभरानं तीच दोन कलमं बदलून नवं अ‍ॅग्रीमेंट आलं, ते दुसऱ्या एजंटच्या हाती. बाईंनी सही केली. टॉवर उभा राहिला आणि ऑफिसच्या यादीत साइट त्याच्या नावावर चढली. ते मी अजून विसरलो नाही.

तरी एक गोष्ट पदरात पडली. तीन अफवा एकाच पोत्यात भरू नयेत. एक जागेवर मोडते, एक अधांतरी राहते, आणि एखादी आपल्याच बॅगेतल्या कागदावर छापलेली असते.