पासंगसाहेबांची चाचणी खरेदी

माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. एखाद्या तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जे बारीकसं वजन बांधतात त्याला पासंग म्हणतात, आणि लबाड दुकानदाराची सगळी कला त्या पासंगात असते. सासऱ्यांची नजर आधी तिथे जायची. म्हणून बाजारात त्यांचं नाव पडलं पासंगसाहेब. समोर कोणी म्हणत नसे. पाठीमागे सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर घरात मीही म्हणते.

माणूस मात्र स्वच्छ. एकदा एका व्यापाऱ्याने घरी साखरेचं पोतं पाठवलं. ते यांनी स्वतःच्या खांद्यावरून परत नेऊन दिलं. देण्याआधी त्याच्याच काट्यावर ठेवलं. अर्धा किलो कमी भरलं, आणि यांनी तिथल्या तिथे दंडाची पावती फाडली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की माझा नवरा ती सुरू झाली की उठून दात घासायला जातो.

पण सचोटीचा माणूस घरात असणं वेगळं आणि निरीक्षक घरात असणं वेगळं. सासूबाईंनी आणलेली भाजी चाळीस वर्षं घरच्या काट्यावर चढली. कमी भरली तर बाबा पिशवी घेऊन परत बाजारात जायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाजीवाल्याकडे आईंना खाली मान घालून उभं राहावं लागायचं. हे मला आईंनी एकदाच सांगितलं. तक्रार म्हणून नाही, वाटाणे सोलता सोलता सहज. त्या मुळात बोलायच्या कमी. बाबा घरात असले की दुसऱ्याला बोलायला जागा कुठे उरते?

गेल्या वर्षी आईंना रक्ताचा आजार निघाला. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, खुर्चीत चार तास बसायचं, हातात सलाईन. ते झालं की पंधरा दिवस बऱ्या असायच्या. मग हळूहळू उतरायच्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आमचा एकच जिना चढताना त्या दोनदा पायरीवर बसत. तारीख एक दिवसही पुढे जाऊ देऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून बजावलं होतं.

पहिली दोन बिलं बाबांनी खिडकीवर रोख भरली, दोन्ही अगदी शेवटच्या दिवशी. तोवर ते बिल घेऊन टेबलाशी बसायचे, पेन्सिलीने प्रत्येक ओळ तपासायचे. हातमोज्यांचे जोड किती लावले, सुया किती. दुसऱ्या बिलात त्यांना हातमोज्यांचा एक जोड जास्त सापडला. त्याचे पैसे परत घेऊन ते जिंकल्यासारखे घरी आले. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या असतील.

तिसऱ्या खेपेला दवाखान्याने खिडकीच बंद केली. आता बिल मोबाइलवर येणार, मेसेजमधली लिंक उघडायची, तिथेच पैसे भरायचे. बुधवारी संध्याकाळपर्यंत पैसे जमा झाले तर गुरुवारची खुर्ची पक्की.

मेसेज शनिवारी आला. बाबांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, मग मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"हे दवाखान्याने पाठवलं कशावरून?"

"बाबा, वर नाव आहे की त्यांचं."

"नाव काय, कोणीही लिहील. पितळी वजनावर सरकारी शिक्का मी डझनावारी पाहिलाय, खोटा."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे पैसे मोबाइलवरूनच येतात. म्हटलं, द्या इकडे, मी भरते दोन मिनिटांत. त्यांनी माझ्या मोबाइलकडे असं पाहिलं, जणू मी तो चोरून आणला असावा. "तुझ्या त्यात काय काय भरलेलं आहे कोणास ठाऊक," म्हणाले. मला राग आला. मी उठून कणीक मळायला घेतली आणि ती जरा जास्तच मळली.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. आवाज एका तरुण मुलीचा, गोड. काका, तुमचं बिल बाकी आहे, काही अडचण आहे का? बाबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला हाताने गप्प केलं.

"तुम्ही दवाखान्यातून बोलताय?"

"हो काका."

"मग सांगा, तुमच्या दारासमोर काय आहे?"

"काका, मी मदत केंद्रातून बोलतेय. आमचं ऑफिस दुसऱ्या गावात आहे."

"बरोबर," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून, "दारासमोर औषधांचं दुकान आहे. दवाखान्यातल्या माणसाला एवढंही माहीत नाही?"

आता गंमत अशी की तेवढ्यापुरता मलाही संशय आला. संशयी माणसाच्या घरात राहिलं की ते अंगात मुरतं. त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, खरंच खोटा असेल का रे मेसेज? तो कामाची पाळी संपवून आला होता, अर्धा झोपेत. "बाबांच्या नादाला लागू नकोस," म्हणाला आणि कूस बदलली.

मंगळवारी मी कामावर असताना बाबांनी चाचणी खरेदी केली.

हा त्यांचा जुना खाक्या. एखाद्या दुकानाबद्दल संशय आला तर ते निरीक्षक म्हणून कधी जात नसत. जुना सदरा घालायचे, हातात कापडी पिशवी, पाव किलो साखर मागायची. ती घेऊन कोपऱ्यामागे जायचं, स्वतःच्या काट्यावर ठेवायची. मगच आत शिरून ओळखपत्र दाखवायचं. थोडक्यात घेऊन बघायचं, मग काय ते ठरवायचं. बत्तीस वर्षांत ही पद्धत कधी फसली नव्हती. तर त्यांनी ती लिंक उघडली, जिथे रक्कम भरायची तिथे पूर्ण बिलाचा आकडा आधीच लिहिलेला होता तो खोडला, आणि एक रुपया भरला.

संध्याकाळी मी विचारलं, बिलाचं काय झालं? म्हणाले, "काम चालू आहे." मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्यांना दुसरा प्रश्न विचारला की चौकशी बसते, आणि माझे पाय दिवसभर उभं राहून मोडले होते.

बुधवारी सकाळी ते दोन बस बदलून दवाखान्यात गेले, आपला रुपया पोचला का ते बघायला. तिथे आता खिडकीच्या जागी एक मशीन उभं केलं आहे. त्यात आईंचा पेशंट नंबर टाकला. पडद्यावर आलं, जमा एक रुपया. बाबा खूश. म्हणजे लिंक खरी, दवाखाना खरा. घरी येऊन जेवले, हात पुसले, टेबलाशी बसले आणि उरलेले पैसे भरायला तीच लिंक पुन्हा उघडली. तिथे लिहिलं होतं, आपलं बिल तपासणीत आहे.

झालं. तपासणी हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरला होता. "माझी तपासणी करणारे हे कोण?" असं ते आईंना दोनदा म्हणाले, कशाबद्दल ते न सांगता. त्यानंतर दवाखान्याचे दोन मेसेज आले. दोन्हींत लिंक होती, म्हणून त्यांनी दोन्ही उघडलेच नाहीत. त्यांच्या मते चोर सावध झाला होता आणि नवा सापळा लावत होता. ते उठून बँकेत गेले, बिलाची पूर्ण रक्कम रोख काढली, पाकिटात घातली आणि पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात. उद्या समोरासमोर देऊ. माणसाच्या हातात. आम्हाला यातलं काहीही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उद्याची सोय केलीय," आणि मी सुटले बाई म्हणून झोपले.

गुरुवारी मी सुट्टी काढून दोघांबरोबर गेले. आई दवाखान्याच्या दारातल्या सहा पायऱ्या चढताना तिसरीवर बसल्या. वर गेल्यावर परिचारिकेने यादी पाहिली. पुन्हा पाहिली. आईंचं नाव नव्हतं.

चौकशीच्या टेबलावर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी संगणकात पाहिलं. "एक रुपया कोणी भरला?"

बाबा पुढे झाले. "मी. खात्री करून घेतली."

"काका, अर्धवट रक्कम आली की मशीन समजतं पेशंटला हप्ते पाहिजेत. मग फाइल मंजुरीला जाते. मंजुरी येईपर्यंत खुर्ची राखून ठेवत नाहीत. तुम्हाला काल दोन मेसेज केलेत, हप्ते नको असतील तर कळवा म्हणून. आजची खुर्ची दुसऱ्यांना गेली."

बाबांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे घ्या. मोजून घ्या. पूर्ण आहेत."

"रोख आता घेता येत नाही, काका."

बाबांनी पाकीट बाईंकडे सरकवलं. बाईंनी ते हलकेच परत सरकवलं. असं दोनदा झालं. मला त्यांची कीवही आली आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं, दोन्ही एकदम.

आई मागच्या बाकावर बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. बाबा पाकीट घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना समजावू लागले, की अशी सगळी लबाडी चालते, आपण सावध राहिलेलं बरं, चार दिवस इकडचे तिकडे.

"एक विचारू?" आई म्हणाल्या.

"विचार ना."

"खरं सांगाल?"

बाबांना हा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. "खरंच सांगतो मी," ते म्हणाले.

"तुम्हाला माझ्यावर पैसे घालायचे नाहीयेत का?"

बाबांनी पाकीट उघडून नोटा दाखवल्या. "हे काय आहे मग? आणलेत की."

"आणलेत. दिले नाहीत. मागच्या दोन्ही वेळी शेवटच्या दिवसापर्यंत ठेवलेत. हातमोज्याच्या एका जोडासाठी तुम्ही इथे तास घालवलात आणि मी घरी पडून विचार करत होते, की यांना मी जड झालेय. तोंडाने म्हणवत नाही म्हणून बिलं तपासत बसतात."

"तू माझ्यावर संशय घेतलास?" बाबांचा आवाज अगदी बारीक झाला. "माझ्यावर?"

"मग? आपल्या घरात दुसरं काय शिकायला मिळालं?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. बत्तीस वर्षांत या माणसावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. पोतं परत नेल्याची गोष्ट इथे सांगून उपयोग नव्हता, हे त्यांनाही कळलं असावं. नोटा पाकिटात घालायलाही त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

टेबलावरच्या बाईंनी हाक मारली. त्यांनी हप्त्यांचा अर्ज रद्द केला होता आणि नवं बिल तयार केलं होतं. आत्ता पैसे भरले तर सोमवारी पहिली खुर्ची मिळेल. "मेसेज कोणाच्या नंबरवर पाठवू?"

"माझ्या," आई म्हणाल्या. त्यांचा मोबाइल पिशवीतून मीच काढून दिला. मेसेज आला. आईंनी लिंक उघडली, एका बोटाने, सावकाश. पैसे बाबांच्या खात्यातून जायचे होते. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी स्वतःचा मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला.

"नंबर लागेल ना याला. गुप्त," आई म्हणाल्या.

बाबांनी तो मोठ्याने सांगितला. सहा आकडे, एकेक सुटा करून, आईंना नीट ऐकू जावेत म्हणून. शेजारच्या दोन बाकांवरची माणसं वळून बघू लागली. एका म्हातारबुवांनी तर मान हलवली, आपल्याला कळलं म्हणून. मी कपाळाला हात लावला. तो नंबर घरी जायच्या आत मी बदलून घेतला, हे वेगळं सांगायला नको.

पैसे गेले. पावती आली. टेबलावरच्या बाईंनी सोमवारची चिठ्ठी आईंच्या हातात दिली. बाबा अजून बाकावरच होते. पावती बघू असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "अजून तसंच वाटतंय तुला?"

आईंनी चिठ्ठीची घडी घातली. "सोमवारी बघू," म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. सहा पायऱ्या उतरायच्या होत्या. बाबा एक पायरी खाली जाऊन थांबले आणि आधाराला हात पुढे केला. आईंनी कठडा धरला.