हवालदारांचा आडोसा

हवालदारांची सगळी नोकरी चौकात उभं राहण्यात गेली. उन्हात, धुरात, चारही बाजूंनी लोकांच्या नजरा अंगावर झेलत. जांभई आली तरी तोंड उघडायची चोरी. बसमधली पोरं लगेच खिदळायची. म्हणून निवृत्तीनंतर त्यांचा एकच बेत होता: घरामागच्या अंगणात बनियनवर पाय पसरून बसायचं. बस्स.

नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडच्या घरावर मजला चढला. त्याला अंगणाकडे तोंड केलेली गॅलरी आली आणि गॅलरीत एक मावशी आल्या. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून लेकीकडे राहायला आलेल्या. सकाळचा चहा झाला की खुर्चीत बसायच्या, त्या थेट जेवायलाच उठायच्या.

"आज दाढी राहिली वाटतं?" पहिल्याच दिवशी वरून आवाज आला.

हवालदार मुकाट्याने आत जाऊन शर्ट घालून आले. काही दिवस शर्ट घालून बसले, मग अंगणात बसणंच सोडलं.

"अहो, भिंत वाढवा की," बायको म्हणाली.

"मग वारा बंद होईल. झाडं लावू."

दोघं नर्सरीत गेली. तिथल्या बाईंनी आधी बांबू दाखवला, आणि याची मुळं भिंतीखालून शेजाऱ्यांकडे जातात हेही सांगून टाकलं. कण्हेर बायकोने मोडीत काढली. ती विषारी, आणि नात दिसेल ते तोंडात घालते. बोगनवेलीचे काटे हवालदारांना नकोत. शेवटी कुंती पसंत पडली. बारीक गर्द पानं, बारा महिने हिरवी, छाटली की आणखी दाट होणारी.

"पण सावकाश वाढते हं," बाई म्हणाल्या.

"मला कुठे घाई आहे?" हवालदार म्हणाले. घाई होतीच.

भिंतीलगत रोपांच्या पिशव्यांची रांग लागली तशा मावशी वरून म्हणाल्या, "एवढी झाडं कशाला हो?"

"तुम्हाला हे दिसू नयेत म्हणून!" बायकोच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. खरं तर हवालदारांनी आता खुशाल बनियनवर बसायचं. पण त्यांना घास गोड लागेना. शेवटी शर्टाची बटणं लावून ते मावशींकडे गेले.

"राग आला का?"

"राग कसला? इथून तुमचं अंगण तेवढंच एक हिरवं दिसतं. बाकी सगळे पत्रे."

"आणि माझी दाढी?"

"ती दिसली म्हणून बोलले. दिवसभर बोलायला माणूस नाही मिळत हो."

हवालदार गॅलरीत जाऊन मावशींच्या खुर्चीत बसले आणि खाली बघू लागले. सगळं अंगण ताटात वाढल्यासारखं समोर होतं. पण नळाजवळचा एक कोपरा भिंतीच्या आड अर्धा लपत होता. म्हणजे रांगभर उंच झाडं लावायची गरजच नव्हती.

"मावशी, मी खाली जाऊन उभा राहतो. कुठे झाड आलं की दिसत नाही, ते तुम्ही सांगा."

कुंतीचं रोप डोक्याइतकं उंच धरून हवालदार अंगणात उभे राहिले. वरून मावशींचा हात हलू लागला. डावीकडे या, जरा मागे, अजून मागे, आणि मग पंजा समोर: थांबा! जन्मभर दुसऱ्यांना हात दाखवणारा माणूस जागच्या जागी थांबला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

तीन कुंती त्या कोपऱ्यात दाटीने लावल्या. बाकीची नर्सरीत परत देऊन बदल्यात जास्वंदी आणल्या. त्या कमरेच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत आणि रंग मावशी सांगतील ते, असं ठरलं. कुंतीने मात्र भरपूर वेळ घेतला. तोवर दोरीवर जुनी चादर टांगावी लागली आणि त्यावरून घरात रोज कटकट झाली.

पानं एकमेकांत मिसळली तशी चादर निघाली. हवालदार बनियनवर बसले.

"आहात का?" वरून आवाज आला.

"आहे!"

"बरं," मावशी म्हणाल्या आणि जास्वंदीकडे वळल्या.

तेवढ्यात न्हालेले केस मोकळे सोडून, गाऊनवरच, बायको चहा घेऊन आली. "सरका जरा," ती म्हणाली. "कुणी बघू नये असं मलाही वाटतं कधीतरी."

हे हवालदारांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते उठले, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि दुसरी खुर्ची आणायला आत गेले.