रिकाम्या खुर्चीचा फोटो

उन्हाळ्यात आमच्या हुडकेश्वरच्या घरात दुपारी सगळ्या खिडक्या बंद असतात. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आत कूलर घरघरत असतो आणि त्या ओलसर अंधारात आई माझ्या वडिलांशी बोलत असते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

नुसती बोलत असती तर माझं काही म्हणणं नसतं. मीही आजकाल भांड्यांशी बोलते. पण तिनं जेवण सोडलं. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी खुर्ची वडिलांची. ताट वाढलं की आई त्या खुर्चीकडे बघायची आणि हात मागे घ्यायची. "त्यायचं होऊ दे पहिले," म्हणायची. जन्मभर नवऱ्याच्या मागून जेवलेली बाई. आता नवरा जेवत नाही म्हणून ही जेवत नाही! मी खुर्चीपुढेही ताट मांडून पाहिलं. ते तसंच राहायचं, आणि हिचंही तसंच. धंतोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. तिच्या पोलक्याच्या बाह्या लोंबू लागल्या होत्या. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

"आई, खुर्ची रिकामी आहे," एकदा मी ओरडलेच.

"काहून वं अशी बोलतं? बसून तं हायेत. आन त्यायचा फोटो काढ. किती खेपा सांगू तुले?"

फोटो काढ. हे पालुपद तिनं लावूनच धरलं होतं. मला वाटलं, बरं आहे, काढते फोटो आणि दाखवते रिकामी खुर्ची. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पटेल. फोनवर काढला, तर तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. भाचीनं दिवाळीत ह्याच फोनवर आजीच्या डोक्यावर सशाचे कान उगवून दाखवले होते. तेव्हापासून फोन खोटं बोलतो हे तिचं ठाम मत. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकावर तरी कसा विश्वास ठेवणार? तेव्हा खरा कॅमेरा हवा, हातात मावणारा, पाठीला पडदा असलेला, आणि माझ्या पेन्शनला झेपणारा.

सीताबर्डीतल्या दुकानदारानं आधी मलाच समजावलं. "ताई, आता हे कोन घेते? मोबाइल हाये ना तुमच्याजोळ."

"मोबाइल खोटं बोलतो," मी म्हणाले. त्यानं काचेवर तीन कॅमेरे मांडले.

पहिला कोरा करकरीत. खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा केवढा तरी मोठा. त्यानं दुकानातलाच एक फोटो काढून दाखवला, तर सगळं शेवाळल्यासारखं. लग्नाच्या बाजारात बायोडेटा असतात ना, तसा तो आकडा. दुसऱ्याचं भिंग लांब नाकासारखं बाहेर यायचं, तलावापलीकडचा बगळा जवळ दिसावा म्हणून. मला बगळा बघायचा नव्हता. तिसरा वापरलेला होता, कोपऱ्यावर खरवडलेला, पण पडदा मोठा आणि लख्ख. भिंग उजेड जास्त आत घेते, म्हणाला, फ्लॅशशिवाय चालते.

"अंधारात येतो का फोटो?"

त्यानं मला जिन्याखालच्या गोदामात नेलं, दाराचा पडदा ओढला आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला. कॅमेऱ्याचा पडदा वर उलटून मला दाखवला, त्यावर माझ्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आली. मानूस दिसला की धरते, म्हणाला. फोटो स्वच्छ होता. त्यात मी आईसारखी दिसत होते. कार्ड आणि चार्जर सोबत आहेत ना, बॅटरी किती टिकते, एवढं विचारून मी तोच घेतला.

"कोनाचा काढाचा हाये, ताई?"

"कोणाचाच नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईपुढे ताट वाढलं आणि मी खुर्चीसमोर उभी राहिले. पडद्यावर खुर्ची दिसली, तिच्या मागची भिंत दिसली. बटण अर्धं दाबलं. पिवळी चौकट उमटली. खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, बसलेल्या माणसाचं डोकं जिथं यावं, नेमकी तिथं.

मी बाजूला सरकले, चौकट गेली. परत जागेवर आले, परत आली. थोडी थरथरत होती, पण जागा सोडत नव्हती.

वडील डोक्याला खोबरेल चोपडायचे आणि मागे टेकून बसायचे. भिंतीवर त्याचा डाग आहे. दोनदा रंग दिला तरी तो वर येतोच. तो डागच कॅमेऱ्याला चेहरा वाटला असणार. मी स्वतःला असं समजावलं. अजूनही समजावते.

आई कधी उठून माझ्या मागे आली कळलंच नाही. माझ्या कोपराशी वाकून ती पडद्याकडे बघत होती.

"पाह्य," ती हळूच म्हणाली. "यानं वळखलं त्यायले. तूच वळखत नाही."

करायला गेले गणपती, झाला मारुती. मी बटण दाबून मोकळी झाले.

"आता तं काढ फोटो," ती म्हणाली.

"काढला ना. हा काय."

"हा नाही वं." तिनं खुर्चीसमोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं वडिलांची तसबीर आहे, चंदनाचा हार घातलेली. "तो. जित्या मानसापुढं त्याचाच हारवाला फोटो टांगून ठेवला. घास उतरंल का त्यायच्या गळ्याखाली?"

इतके दिवस ती साध्या मराठीत काढ म्हणत होती आणि मी बाजारात कॅमेरे पारखत हिंडले होते. मी स्टुलावर चढले, तसबीर उतरवली आणि कपाटात पालथी ठेवली. भिंतीवर तेवढा चौकोन जुन्या रंगाचा राहिला. उतरताना मी खुर्चीकडे पाठ केली नाही.

आई ताटावर बसली. थोडा वेळ खुर्चीकडे बघत थांबली, मान हलवली, आणि पोळीचा तुकडा मोडला. वरण कालवलं. वांग्याची भाजी बोटं चाटून खाल्ली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

"सावकाश, आई. ठसका लागेल."

"सावकाश कशी जेवू? ते म्हनून राहिले, पोटभर जेवून घे. ऊन उतरलं का निघू."

"कुठं?"

ती माझ्याकडे बघून हसली, खुळ्या पोरीकडे बघावं तशी, आणि पुन्हा जेवू लागली. किती दिवस मी दोन घासांसाठी तिच्या विनवण्या केल्या होत्या. आता ते ताट ओढून घ्यावंसं वाटलं. पण भूक खरी होती, चव खरी होती. मी आणखी एक पोळी वाढली. मग भात. मग परत भाजी. खिडकीच्या फटीतला उजेड पिवळा होत चालला होता. ती पुरे पुरे म्हणत होती, तरी मी वाढतच राहिले.