गोल्फच्या मैदानावरचं गवत

गोल्फ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सासूच्या तोंडून, आणि तोही शिवीसारखा. माझं माहेर संगमनेरकडचं, प्रवरेच्या काठचं. लग्न होऊन नगरच्या लष्करी कॅम्पाला लागून असलेल्या गावात आले तेव्हा मला वाटलं होतं, चार दुभत्या म्हशींची दावण आहे, घर खातंपितं आहे, आपलं बरं चालेल. दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट.

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. गावामागच्या माळावर साऱ्या गावाची जनावरं चरायची. कागदोपत्री ती सरकारची पडीक जमीन, पण कुणी कधी अडवलं नव्हतं. एका सकाळी आम्ही दोघी म्हशी घेऊन गेलो तर माळावर खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या.

"गोलफ करनार हायती मेले," आत्या म्हणाली आणि थुंकली.

कॅम्पात साहेब लोकांचा क्लब आणि त्याचं गोल्फचं छोटं मैदान आधीपासून होतं. आता ते वाढवायचं होतं. हिवाळ्यात पुण्याहून, देवळालीहून, कधी थेट मुंबईहून पाहुणे खेळायला यायचे, आठ-आठ दिवस राहायचे. या सगळ्याचं काम कॅम्पातल्या एका ठेकेदाराकडे होतं. तो आपल्यातलाच, दोन गावं पलीकडचा. त्याने मारुतीच्या देवळासमोर माणसं जमवली आणि सांगितलं, "अरे, साहेब येनार म्हंजी पैसा येनार. टांगे चालतील, कोंबड्या, अंडी, दूध, समदं खपंल. तुमी फक्त जनावरं तिकडं आनू नका."

बायका मागे उभ्या होत्या. आत्याने मागूनच विचारलं, "आन् म्हशी कुठं चारायच्या?"

"पैसा आला की चारा इकत घे, म्हातारे."

माणसं हसली. माझा नवराही हसला. त्याचं ते हसणं मी पुढे बरीच वर्षं विसरले नाही.

पहिल्या हिवाळ्यात खरंच पैसा आला. खोटं कशाला बोलू? क्लबाच्या स्वयंपाकघरात सकाळचं दूध मीच पोचवायची. त्या पैशातून मी हिरव्या काठाचं लुगडं घेतलं आणि ते नेसून मिरवलेही. टांगेवाल्यांनी टांगे रंगवले. पण गावातलं एकूण एक अंडं सकाळीच क्लबात जाऊ लागलं. शेजारची बाळंतीण तापाने फणफणली होती. तिच्या नवऱ्याला सगळ्या गावात एक वाटी दूध मिळेना. माझ्याकडेही मागायला आला. माझी घागर क्लबासाठी भरलेली होती. मी म्हटलं, "उद्या या." घरी आल्यावर आत्याला हे कळलं तेव्हा तिने संध्याकाळचं सगळं दूध स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं. बाई वाचली. मला त्या घरासमोरून जाताना पुढे कधी मान वर करवली नाही.

मैदानावरची हिरवळ नगरच्या उन्हात काय आपोआप राहते? ठेकेदाराने गावच्या मोठ्या विहिरीवर मोट लावली. दिवसभर पाणी उपसायचं, कातड्याच्या पखालींत भरायचं आणि रेड्यांच्या पाठीवरून मैदानावर न्यायचं. आम्ही बायका हंडे घेऊन बाजूला उभ्या. मोटकरी म्हणायचा, "थांबा, आधी गवताला जाऊ द्या."

आमच्या म्हशी विकतच्या कडब्यावर आल्या होत्या, आणि गावात सगळ्यांनाच कडबा हवा असल्यामुळे तो वाटेल त्या भावाने मिळायचा. दूध आटत चाललं. तेव्हा नवऱ्याने ठेकेदाराकडे गवत कापायचं काम धरलं. उकिडवं बसून खुरप्याने, सगळं एका उंचीचं. ज्या माळावर आमच्या म्हशी फुकट चरायच्या तिथेच. आणि कापलेलं गवत? ते मैदानाच्या कडेला एका खड्ड्यात टाकून कुजवायचे. कोवळं, लुसलुशीत गवत.

चार-सहा दिवस त्याने ते पाहिलं. मग एका दुपारी तिथलं भाराभर गवत धोतरात बांधून घरी निघाला.

त्या वेळी मी रिकामी घागर घेऊन क्लबाच्या मागच्या दारातून बाहेर पडत होते. ठेकेदाराने त्याला पाहुण्यांच्या समोर अडवलं होतं. गाठोडं सोडायला लावलं. गवत पायाशी पडलं.

"चोरी करतोस?"

"टाकूनच देता न्हवं, मालक? म्हशी उपाशी हायत्या."

ठेकेदाराने त्याच्या थोबाडीत मारली. साहेब काठी टेकून पाहत उभे होते. त्यांतल्या एका मडमेने तोंडावर रुमाल धरला. ती हसत होती की तिला वाईट वाटलं, मला सांगता येणार नाही. मी ते हसणंच धरलं आणि आजही तेच धरून आहे. नवरा मला बघून वळला आणि वाट सोडून शेतातून निघून गेला. कामावरून तो गेलाच.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी म्हशी असलेल्या घरोघरी गेली. तीन दिवसांवर साहेबांचे मोठे सामने होते, पाहुण्यांनी बंगले भरले होते. आत्या प्रत्येक दारात एकच बोलत होती, "त्या दिवसांत क्लबात थेंब जाऊ द्यायचा न्हाई. च्या बिनदुधाचा प्येऊ द्या मेल्यांना. मग कळंल गवत काय अस्तं ते."

बायका तयार झाल्या. मला तर इतका चेव आला होता, की सामन्यांच्या सकाळी मी मुद्दाम क्लबाच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. आता आचारी धावत येईल, हातापाया पडेल. उन्हं वर आली. मग आमच्याच गावातला टांगा आला, आमच्या भावकीतल्याचा. मागे पलीकडच्या गावच्या दुधाच्या घागरी. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, घोड्याला चाबूक मारला.

थोड्या वेळाने हिरवळीवर पांढरे कपडे घातलेले साहेब दिसले. चहा पिऊन ताजेतवाने झालेले. आम्ही दूध बंद केलं होतं, हे त्यांना कधी कळलंसुद्धा नाही. सूड घ्यावा आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याला पत्ताच लागू नये! मी घरी येऊन आत्याला सांगितलं, "दूध पोचलं." ती म्हणाली, "कुनाचं?" मी भावकीतल्याचं नाव सांगितलं. ती उठून म्हशींना पाणी दाखवायला गेली.

त्यानंतर ठेकेदाराने आमच्या गावचं दूध घेणंच बंद केलं.

फाल्गुनात विहिरीचा तळ दिसू लागला. त्याच सुमाराला साहेब थंड हवेच्या डोंगरांवर निघून गेले. पखाली थांबल्या आणि आठ-दहा दिवसांत हिरवळ वाळून पाचोळा झाली. एवढं पाणी गेलं ते एका हिवाळ्यासाठी. चैत्रात आत्याने म्हशी बाजारात नेल्या. नवरा म्हणाला, मी जातो. तिने त्याला नेलं नाही, मला नेलं. परत येताना चार दावी माझ्या खांद्यावर होती. वाटेत ती एकदाच बोलली, "कसायाला न्हाई दिल्या." मग आम्ही तिघं कोपरगावकडे साखर कारखान्यावर कामाला गेलो आणि तिकडेच राहिलो.

स्वातंत्र्य आलं. त्यानंतर एका लग्नासाठी आम्ही लहानग्या मुलाला घेऊन गावी गेलो. मला वाटलं होतं, साहेब गेले, आता माळ मोकळा झाला असेल. तो तसाच होता. आता आपले अधिकारी काठ्या घेऊन खेळत होते. ठेकेदारही तोच, फक्त डोक्यावर पांढरी टोपी आली होती. पंगतीत वाढत असताना कुणीतरी त्याच्याजवळ चराईचा विषय काढला.

"अरे, आता तर मोठमोठे पाव्हने येनार हायती," तो म्हणाला. "त्यात देशाचा फायदा हाय."

आत्या बायकांच्या पंगतीत बसली होती. तिथून तिने मोठ्याने विचारलं, "कंच्या देशाचा?"

ठेकेदार म्हणाला, "म्हातारे, गपगुमान जेवून घे."

आत्या भरल्या पत्रावळीवरून उठली. मी मुलाला कडेवर घेतलं आणि तिच्यामागे उठले. मला सपाटून भूक लागली होती, हेही खरं. नवरा पुरुषांच्या पंगतीत होता. तो एक क्षण बसून राहिला, मग पायताण शोधत आमच्या मागे आला. स्टेशनवर पोचलो तर दुपारची गाडी निघून गेली होती. आम्ही फलाटावर बसलो. आत्याने बटव्यातून सुपारी काढली, कातरली आणि पहिलं खांड नवऱ्याच्या हातावर ठेवलं.